एक्स-रे नॉर्मल, तरी मनगट दुखतंय: स्कॅफॉइडला प्लास्टर घालायचं की स्क्रू टाकायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय २७. पाच आठवड्यांपूर्वी दुचाकी घसरली आणि तुम्ही उजव्या तळहातावर पडलात. त्याच दिवशी एक्स-रे काढला. 'नॉर्मल आहे, मुरगळलंय' असं सांगून क्रेप बँडेज बांधलं. आठवड्याभरात सूज उतरली, दुखणं बरंच कमी झालं, पण गेलं नाही. दाराची मूठ फिरवताना किंवा तळहातावर भार देऊन उठताना अंगठ्याच्या मुळाशी अजून कळ येते. दुसऱ्या डॉक्टरांनी नवा एक्स-रे काढला आणि स्कॅफॉइड नावाच्या हाडाच्या कमरेत, म्हणजे मधल्या भागात, फ्रॅक्चर आहे, आठ ते दहा आठवडे प्लास्टर घालू, असं सांगितलं. तिसरे म्हणाले, प्लास्टरमध्ये वेळ घालवू नका, स्क्रू टाकून घ्या. आता तुम्हाला हवं आहे ते असं: या दोघांपैकी बरोबर कोण, पहिल्या डॉक्टरांची चूक झाली का, आणि पुन्हा व्यायामशाळेत वजन उचलता येईल का. शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलंय की दिवसाला सात-आठ सिगारेटी होतात. ती ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटली, तिच्याकडे पुढे येतो.

प्लास्टर की स्क्रू, याचं उत्तर तुमच्याकडे आज असलेल्या माहितीवरून देता येत नाही. मोबाइलवर काढलेला एक्स-रेचा फोटो तुम्ही जोडला आहे. त्यात फ्रॅक्चरची रेघ दिसते, पण तुकडे किती सरकलेत हे त्यावरून मी सांगू शकत नाही आणि मूळ फिल्म हातात असती तरी खात्रीने सांगितलं नसतं. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात. आधी तीन गोष्टी कळायला हव्यात: हाड नेमकं कुठे मोडलंय, तुकडे जागच्या जागी आहेत का, आणि पाच आठवडे मनगट मोकळं हलत राहिल्यामुळे मोडलेल्या फटीत काय झालंय. या तिन्हींची उत्तरं मिळाली की निर्णय बऱ्यापैकी आपोआप होतो.

हे हाड इतकं त्रासदायक का, ते समजून घ्या. मनगटात आठ छोटी हाडं दोन ओळींत बसलेली असतात. स्कॅफॉइड त्यातलं अंगठ्याच्या बाजूचं. त्याचं वैशिष्ट्य असं की ते दोन्ही ओळींना जोडणारा दुवा आहे, एक टोक वरच्या ओळीत आणि दुसरं खालच्या. तळहातावर पडताना मनगट मागे वाकतं तेव्हा दोन्ही ओळींमधला ताण या हाडाच्या मधल्या निमुळत्या भागावर येतो. त्या भागाला आम्ही कंबर म्हणतो. तरुण वयात या आठांपैकी जे हाड मोडतं ते बहुतेक वेळा हेच असतं आणि तेही कमरेत.

त्यात रक्तपुरवठ्याची अडचण. स्कॅफॉइडचा जवळजवळ ८० टक्के पृष्ठभाग कूर्चेने, म्हणजे सांध्यातल्या गुळगुळीत आवरणाने, झाकलेला असतो. कूर्चेतून रक्तवाहिनी आत शिरत नाही. त्यामुळे रक्त मुख्यतः हाडाच्या बोटांकडच्या भागातून आणि पाठीकडच्या एका अरुंद कडेवरून आत येतं आणि तिथून उलट्या दिशेने, कोपराकडच्या टोकापर्यंत जातं. पाट मध्येच फुटला की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, तसं इथे होतं. फ्रॅक्चर जितकं कोपराकडच्या टोकाजवळ, तितका त्या टोकाचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका जास्त. बोटांकडच्या टोकाचं फ्रॅक्चर साधारण सहा ते आठ आठवड्यांत जुळतं. कमरेतल्याला आठ ते बारा आठवडे लागतात. कोपराकडच्या टोकाचं फ्रॅक्चर जुळायला कधी कधी पाच-सहा महिने जातात, किंवा ते जुळतच नाही आणि तो तुकडा आतून मरतो.

आणखी एक फरक आहे, जो पेशंटला सहसा कुणी सांगत नाही. नडगीचं हाड मोडलं तर जुळताना त्याभोवती नव्या हाडाची गाठ धरते, आणि एक्स-रेत ती पाहून आपण म्हणतो की काम चालू आहे. स्कॅफॉइड सांध्याच्या द्रवात बुडालेलं असतं. त्याला बाहेरून अशी गाठ धरत नाही, ते आतल्या आत जुळतं. म्हणूनच साध्या एक्स-रेवर 'जुळलं' किंवा 'नाही जुळलं' हे ठरवताना अनुभवी डोळेही फसतात.

आता पहिल्या एक्स-रेबद्दल. पडल्याच्या दिवशी काढलेल्या एक्स-रेत स्कॅफॉइडचं फ्रॅक्चर न दिसणं ही नेहमीची गोष्ट आहे. हे हाड मनगटात तिरकं बसलेलं असतं, त्यामुळे समोरून काढलेल्या चित्रात ते आखडलेलं, एकावर एक चढल्यासारखं दिसतं. शिवाय केसासारखी बारीक भेग दिसायची तर किरण त्या भेगेच्या अगदी सरळ रेषेत जायला हवेत. म्हणून संशय असेल तर नेहमीच्या दोन चित्रांवर भागत नाही. मूठ मिटून, मनगट करंगळीच्या बाजूला झुकवून वेगळी चित्रं काढावी लागतात. त्या स्थितीत हाड लांब, पूर्ण पसरलेलं दिसतं. तरीही काही फ्रॅक्चर पहिल्या दिवशी लपतातच. दहा ते चौदा दिवसांनी भेगेच्या कडांचं हाड थोडं विरघळतं, फट रुंदावते आणि तेव्हा ती उघडी पडते. इतकं थांबायचं नसेल तर एमआरआय. त्यात हाडाच्या आत आलेली सूज पहिल्या काही दिवसांतच दिसते आणि फ्रॅक्चर नसेल तर पेशंटला विनाकारण प्लास्टरमध्ये अडकवावं लागत नाही.

पण एमआरआयच्याही आधी बोटाने तपासणं येतं. अंगठा ताठ वर केला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दोन शिरांच्या मधे एक खळगी दिसते. पूर्वी तपकीर ओढणारे तिथे चिमूट ठेवत, म्हणून वैद्यकातही तिचं नाव तपकिरीवरून पडलंय. स्कॅफॉइड बरोबर तिच्या तळाशी असतं. तिथे दाबल्यावर दुखलं तर संशय घ्यायचा. मात्र तिथून त्वचेची एक नस जाते, त्यामुळे जोरात दाबलं तर धडधाकट माणसालाही दुखतं. म्हणून मी दोन्ही हात एकदमच तपासतो, सारख्याच दाबाने, आणि पेशंटच्या चेहऱ्याकडे पाहतो. त्यानंतर तळहाताच्या बाजूने, अंगठ्याच्या उंचवट्याच्या मुळाशी जो छोटा टेंगळासारखा भाग लागतो तो दाबतो. मग अंगठा धरून त्याच्याच सरळ रेषेत मनगटाकडे ढकलतो. तिन्ही ठिकाणी दुखलं तर एक्स-रे काहीही म्हणो, माझ्यासाठी ते फ्रॅक्चर असतं आणि खात्री होईपर्यंत मनगट बांधूनच राहतं.

यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: पहिल्या एक्स-रेत भेग दिसली नाही ही चूक म्हणता येत नाही. मात्र तळहातावर पडलेल्या तरुण माणसाला अंगठ्याच्या मुळाशी दुखत असताना नुसतं क्रेप बँडेज बांधलं आणि 'दोन आठवड्यांनी परत दाखवा' हे वाक्य कुणी बोललं नाही, तर तिथे नक्कीच कमी पडलं. ते वाक्य तुम्हाला सांगितलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. घाई-गर्दीत सांगितलेलं वाक्य दुखऱ्या माणसाच्या कानावरून जातं, हेही मी अनेकदा पाहिलंय. म्हणून मी ते कागदावर लिहून देतो, तारखेसकट.

पुढची पायरी सीटी स्कॅन. साधा मनगटाचा सीटी पुरत नाही. चित्रं स्कॅफॉइडच्या लांबीच्या अक्षात कापलेली हवीत. हे चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर हाड तिरकं कापलं जातं आणि सरकलेला तुकडा जागेवर असल्यासारखा दिसतो. या सीटीत मी चार गोष्टी शोधतो. तुकड्यांमधलं अंतर किंवा पायरी (एक तुकडा दुसऱ्यापेक्षा वर-खाली सरकणं) एक मिलिमीटरपेक्षा जास्त आहे का. हाड मधोमध वाकून त्याला पाठीकडे पोक आलाय का. फटीच्या दोन्ही कडांना हाड विरघळून पोकळ्या झाल्यात का. आणि कोपराकडचा तुकडा शेजारच्या हाडांपेक्षा जास्त पांढरा, घट्ट दिसतोय का, कारण ते रक्तपुरवठा कमी असल्याचं लक्षण असू शकतं. शेजारच्या हाडांची मांडणी बिघडलीय का हेही त्याच चित्रांत बघितलं जातं. जोराच्या अपघातात स्कॅफॉइड मोडण्याबरोबर मनगटाची हाडं निखळलेलीही असतात आणि तसं असेल तर प्लास्टरचा विचारच करायचा नाही. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही. तसं असतं तर पाच आठवडे तुम्ही बहुधा काम करू शकला नसता.

ताज्या फ्रॅक्चरच्या बाबतीत माझं मत काळाबरोबर बदललंय. एक काळ असा होता की कमरेतलं साधं, न सरकलेलं फ्रॅक्चरसुद्धा मी उत्साहाने स्क्रू घालून बसवत असे. पेशंट लवकर कामावर जायचे, दोघंही खूश. पुढे ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास २०२० साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ३१ रुग्णालयांतले ४३९ रुग्ण, सगळ्यांना कमरेचं फ्रॅक्चर, तुकडे दोन मिलिमीटरपर्यंत सरकलेले. निम्म्यांना लगेच स्क्रू, निम्म्यांना प्लास्टर, आणि प्लास्टरमध्ये जुळत नाही अशी खात्री झाली तर विनाविलंब ऑपरेशन. वर्षभराने मनगटाचं दुखणं आणि काम यांत दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक नव्हता. ऑपरेशनशी संबंधित, गंभीर ठरू शकेल अशी गुंतागुंत मात्र स्क्रूच्या गटात सुमारे १४ टक्क्यांना झाली आणि प्लास्टरच्या गटात १ टक्क्याला. तेव्हापासून ताज्या, फारशा न सरकलेल्या फ्रॅक्चरला मी आधी प्लास्टर सुचवतो. ज्याला रोजगारासाठी हात लवकर मोकळा हवा आहे, त्याच्यासमोर दोन्ही बाजू ठेवतो आणि त्याला ठरवू देतो.

हा अभ्यास कुणी तुमच्यासमोर ठेवून 'बघा, प्लास्टरच पुरे' म्हणेल, म्हणून सावध करतो. त्यातले सगळे पेशंट दुखापतीनंतर दोन आठवड्यांच्या आत उपचार सुरू झालेले होते. तुम्ही पाच आठवडे मोकळ्या मनगटाने वावरला आहात. मनगट बांधायला चार आठवड्यांपेक्षा जास्त उशीर झाला तर न जुळण्याचा धोका स्पष्टपणे वाढतो, हे पूर्वीपासून माहीत आहे. त्यामुळे ते आकडे तुम्हाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तुमचे तिसरे डॉक्टर ऑपरेशन म्हणाले त्यामागे बहुधा हाच विचार असावा आणि तो चुकीचा नाही.

मग मी काय करेन? सीटीत तुकडे जागेवर असतील, कडा स्वच्छ असतील, पोकळ्या नसतील, फ्रॅक्चर कमरेतच असेल, तर अजूनही प्लास्टरला संधी आहे. मात्र ती संधी मी मुदत ठरवून देईन: सहा आठवडे प्लास्टर, मग पुन्हा सीटी. त्यात हाड पूल बांधू लागलेलं दिसलं तर आणखी चार-सहा आठवडे. काहीच हालचाल नसेल तर तिथेच थांबून स्क्रू. याउलट सीटीत फट रुंद असेल, कडा विरघळलेल्या असतील, पायरी किंवा पोक असेल, किंवा फ्रॅक्चर कोपराकडच्या टोकाचं निघालं, तर प्लास्टरमध्ये तुमचे तीन महिने मी घालवणार नाही.

प्लास्टरबद्दल एक बारीक गोष्ट. अंगठा आत घ्यायचा की मोकळा ठेवायचा, यावर पेशंट दोन डॉक्टरांकडून दोन उत्तरं ऐकतात आणि घाबरतात. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत न जुळण्याच्या प्रमाणात दोन्हींमध्ये फरक आढळला नाही. मी अंगठा मोकळा ठेवतो. त्याने लिहिता येतं, बटण लावता येतं, आणि पेशंट प्लास्टर टिकवतो. कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर तर मी घालतच नाही. प्लास्टर ढिलं झालं की ते बदललं पाहिजे, हे मात्र अंगठ्याच्या वादापेक्षा कितीतरी महत्त्वाचं. सूज उतरल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात प्लास्टर आत फिरू लागतं. फिरणारं प्लास्टर म्हणजे प्लास्टर नसल्यासारखंच.

स्क्रूचं ऑपरेशन कसं असतं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते माहीत असेल तर भीती कमी होते. त्यासाठी वापरतात तो स्क्रू सुतारकामातल्या स्क्रूसारखा नसतो, त्याला डोकंच नसतं. दोन्ही टोकांना आटे, पण पुढच्या टोकाच्या आट्यांमधलं अंतर जास्त आणि मागच्या टोकाचं कमी. स्क्रू फिरवला की पुढचं टोक प्रत्येक फेऱ्यात मागच्यापेक्षा थोडं जास्त पुढे सरकतं आणि दोन तुकडे एकमेकांवर घट्ट दाबले जातात. पूर्ण स्क्रू हाडाच्या पोटात, कूर्चेच्या खाली बुडतो. ही कल्पना ऑस्ट्रेलियातले सर्जन टिमथी हर्बर्ट यांची. त्यांचे परिणाम १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि या हाडाच्या उपचाराचं वळणच बदललं. आज आपण जे पोकळ स्क्रू वापरतो ते त्याच तत्त्वावर चालतात.

तुकडे जागेवर असतील तर चिरा अर्ध्या सेंटिमीटरचा पुरतो. हाताला भूल देऊन, सी-आर्मच्या (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर पाहत एक बारीक तार हाडाच्या मधोमध घालायची, तिच्यावरून हाडात वाट पाडायची आणि स्क्रू बसवायचा. सगळी कसोटी त्या तारेत आहे. हाड वाकडं, छोटं, आणि पडद्यावर दोनच मितींत दिसणारं. एका चित्रात तार मधोमध दिसते आणि मनगट थोडं फिरवलं की ती कडेवर आलेली असते. मधोमध बसलेला स्क्रू हाडाला भक्कम धरतो. कडेला गेलेला नुसता तिथे असतो. मी तार मनासारखी बसेपर्यंत पुढे जात नाही, मग त्यात दहा मिनिटं जावोत की चाळीस. आणि मोजलेल्या लांबीपेक्षा दोन-चार मिलिमीटर आखूडच स्क्रू निवडतो, कारण टोक सांध्यात डोकावलं तर ते शेजारच्या हाडाची कूर्चा खरवडत राहतं. कमरेच्या फ्रॅक्चरला मी सहसा तळहाताच्या बाजूने जातो, कोपराकडच्या छोट्या तुकड्याला पाठीच्या बाजूने, म्हणजे आटे त्या तुकड्यात नीट धरतात.

हाडात पोकळी झाली असेल किंवा पोक आलं असेल तर नुसता स्क्रू पुरत नाही. चिरा मोठा घ्यावा लागतो, मेलेला पदार्थ खरवडून काढावा लागतो आणि मनगटाच्याच मोठ्या हाडातून किंवा ओटीपोटाच्या कडेच्या हाडातून थोडं हाड घेऊन ती जागा भरावी लागते. कोपराकडचा तुकडा रक्ताविना असेल तर रक्तवाहिनीसकट हाडाचा तुकडा वळवून बसवण्याचं ऑपरेशन करावं लागतं. हे शक्य आहे, पण जितका उशीर तितकं ऑपरेशन मोठं आणि यशाची शक्यता कमी. म्हणून सीटी या आठवड्यातच करा. तोपर्यंत मनगट प्लास्टरमध्ये किंवा नीट बसणाऱ्या कडक पट्ट्यात ठेवा, काढून बघू नका.

ऑपरेशनचे धोकेही सांगतो: जंतुसंसर्ग, स्क्रू जास्त लांब होणं, व्रणाच्या जागी दुखरेपणा, क्वचित हात दीर्घकाळ सुजून ताठरणं, आणि स्क्रू घालूनही हाड न जुळणं. ऑपरेशन केलं की हाड जुळलंच, असा समज घेऊन कुणी येतं तेव्हा मी तो आधी दूर करतो. स्क्रू तुकडे धरून ठेवतो. जुळवायचं काम शरीराचं.

इथे तुमची सिगारेट येते. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आखडवतं. ज्या हाडाचा रक्तपुरवठा आधीच एका कडेवरून कसाबसा चालतो, त्यात हे म्हणजे उरलेला पाटही अडवणं. स्कॅफॉइड न जुळण्याची आणि ऑपरेशन फसण्याची शक्यता धूम्रपान करणाऱ्यांत जास्त असते. माझ्याकडे असे पेशंट आले आहेत की ज्यांचा स्क्रू उत्तम बसला होता, हाडही भरलं होतं, आणि तरी फट तशीच राहिली. हाडाची भर घालायचं ऑपरेशन करायची वेळ आली तर मी आधी सिगारेट पूर्ण बंद करायला सांगतो, आणि हे मनापासून सांगतो. कमी केली म्हणून चालत नाही, निदान जुळेपर्यंत शून्य. त्यासाठी मदत लागत असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, लाजू नका. प्लास्टर की स्क्रू या निर्णयाइतकंच वजन या एका गोष्टीला आहे आणि ती पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

इतका जोर का देतोय, ते एका पेशंटवरून सांगतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका तरुणाचं कमरेचं फ्रॅक्चर मी प्लास्टरमध्ये ठेवलं होतं. दहाव्या आठवड्याला प्लास्टर काढलं, खळगीत दाबलं, तो म्हणाला अजिबात दुखत नाही. एक्स-रे मला ठीक वाटला. मी सोडून दिलं. नऊ वर्षांनी तो परत आला तेव्हा त्याचं मनगट निम्मं वाकत होतं आणि अंगठ्याच्या बाजूचा सांधा झिजलेला होता. स्कॅफॉइड जुळलंच नव्हतं. मधल्या फटीत तंतूंची जाळी धरली होती, त्यामुळे काही वर्षं दुखलं नाही. तोवर दोन तुकडे वेगवेगळे हलत राहिले आणि मनगट ठरावीक क्रमाने झिजत गेलं: आधी त्रिज्येच्या, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतच्या अंगठ्याकडच्या हाडाच्या, टोकाशी, मग मनगटाच्या दोन ओळींमधल्या सांध्यात. त्याला शेवटी स्कॅफॉइड काढून शेजारची चार हाडं एकमेकांना जोडावी लागली. दुखणं गेलं, हालचाल कायमची घटली. त्याला त्या दिवशी सीटीला पाठवलं असतं तर हे टळलं असतं. ती जबाबदारी माझी होती, आणि तेव्हापासून मी दुखणं थांबलं या एका गोष्टीवर कुणालाही सोडत नाही.

तुमच्याही बाबतीत हेच लक्षात ठेवा. तुमचं दुखणं पाच आठवड्यांत बरंच कमी झालंय, हे चांगलं लक्षण असेलच असं नाही. प्लास्टर असो वा स्क्रू, बारा आठवड्यांच्या आसपास सीटी करून किमान अर्ध्या जाडीत हाडाचा पूल बांधला गेलाय हे पाहिल्याशिवाय जोराचं काम सुरू करू देऊ नका. डॉक्टर एक्स-रेवर समाधानी असतील तरी सीटीबद्दल विचारा. त्यात त्यांचा अपमान होत नाही.

आता वजनाचं. हाड नीट जुळलं, सरळ जुळलं, तर बहुतेक तरुण पेशंट पूर्वीसारखं वजन उचलतात. मनगट मागे वाकवण्याचे शेवटचे काही अंश कमी राहू शकतात, आणि पूर्ण भार तळहातावर टाकण्याचे व्यायाम, म्हणजे दंड, सर्वांत शेवटी परत येतात. मुठीत धरून ओढायचे व्यायाम आधी सुरू करता येतात. प्लास्टर निघाल्यावर पहिले काही आठवडे मनगट लाकडासारखं वाटेल. फिजिओथेरपिस्टकडे जा, पण ते जबरदस्तीने वाकवत असतील तर थांबवा. दुखेल इतका ताण नाही, सौम्य ताण, दिवसातून अनेकदा. बोटं आणि कोपर मात्र प्लास्टरमध्ये असतानाच रोज पूर्ण हलवत राहा. स्क्रू घातलाच तर तो काढायची गरज सहसा पडत नाही, तो हाडात बुडालेला असतो. टोक सांध्यात खुपत असेल तरच काढतात.

तुमचा हात मी तपासलेला नाही, त्यामुळे वरचं सगळं सीटीच्या आधीचं आहे. सीटी झाली की तिचा लेखी अहवाल आणि स्कॅफॉइडच्या लांबीतली दोन-तीन चित्रं घेऊन दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही डॉक्टरांना पुन्हा भेटा. दोघांना हेच तीन प्रश्न विचारा: फट किती आहे, पायरी किती आहे, पोकळी आहे का. बहुतेक वेळा त्यानंतर दोघांचं उत्तर एकच येतं. वेगळं आलं तर ती चित्रं इथे टाका, मी पाहीन.